अस्तर आणि लाल मणी

चिपाता
६ मार्च २०१२

सळईचं टोक लाल झालं आणि मी टेबलावरून खाली उतरले. डॉक्टर म्हणाला, "झोप, झोप. मुंगी चावल्यासारखं होईल." मी म्हटलं, "मग आधी तुझ्या जिभेला लाव." चितेंगे कमरेला गुंडाळलं आणि बाहेर आले. बाकावर सासूबाई बसल्या होत्या. "झालंसुद्धा?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही. होणारही नाही."

फालेसी मावशी, दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी मीच लिहिते. मुलगी चालायला लागली तेव्हापासून योबेजवळ गेले की दुसऱ्या दिवशी थोडं रक्त दिसतं. दुखत नाही. पण रक्त दिसलं की लाल मणी उशाशी ठेवायचे, नवरा लांब राहतो, हे तूच शिकवलंस. मी ठेवत गेले. नवऱ्याला जवळ बोलावणाऱ्या पांढऱ्या मण्यांची वेळ क्वचितच यायला लागली. योबे आधी हसायचा. सायकल-टॅक्सी चालवतो, त्याला सगळीकडे रस्ताच दिसतो. "या रस्त्याचं काम संपणार कधी?" म्हणायचा. मग हसेनासा झाला. मग एक दिवस सासूबाईंनी खोली झाडताना मणी पाहिले.

त्यांनीच मला बाजारामागच्या त्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्याने टॉर्च मारला आणि म्हणाला, गर्भाशयाच्या तोंडावर जखम आहे, लालभडक, भाजावी लागेल, नाहीतर कॅन्सर होईल. सासूबाईंनी त्यातला 'जखम' एवढाच शब्द उचलला. संध्याकाळपर्यंत तो गल्लीत पोचला. एकाच पुरुषाला ओळखणाऱ्या बाईला तिथे जखम होत नाही, असं त्या म्हणतात. आणि म्हणतात, हिला शिकवलं कुणी, त्या नामकुंगवीला बोलवा.

म्हणजे तुला.

भाजू देणार नाही. काय भाजणार आहेस, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, तुला कळणार नाही. मी रोज कापड कापते, मावशी. बघितल्याशिवाय कात्री लावत नाही.

तिसाइने


चिमुत्सा, काटेटेजवळ
१४ मार्च २०१२

तिसाइने,

उतरलीस ते बरं केलंस. चितेंगे तरी नीट बांधलं होतंस ना? बाहेर सासू बसलेली असताना बाईने घाईत गाठ मारू नये.

तुझ्या सासूला सांग, नामकुंगवी जिवंत आहे आणि तिला चिपाताचा रस्ता माहीत आहे. या गावातल्या मुलींना मी बाईपण शिकवलं. एकही परत आली नाही. एक आली होती, ती नवरा मेला म्हणून. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलीला कुणी नाव ठेवलं तर ते मला ठेवलं, आणि मला नाव ठेवून या खोऱ्यात कुणी सुखाने न्शिमा खाल्लेला नाही.

सोबत पुडी आहे. साल आणि तुरटी, माझ्या आईचीच. झोपताना बोटाने आत लावायची. झोंबेल. झोंबलं म्हणजे काम चालू आहे. जखम असली तर सुकेल, नसली तर नवरा खूश होईल. मी स्वतः या पावसाळ्यात लावते आहे, चांगलं थांबलं आहे.

आणि कुठल्याही डॉक्टरकडे जायचंच झालं तर अस्वच्छ जाऊ नकोस. अंग उघडं करायचंय तर ते सारवलेलं असावं. लोक म्हणतील फालेसीची मुलगी आहे.

भुईमूग यंदा बरा आहे. तुझी आई असती तर तिने पोतं पाठवलं असतं. मी कंडक्टरजवळ एक पिशवी देते. त्याने वाटेत खाल्ले तर टरफलं मोज.

मावशी


चिपाता
२९ मार्च २०१२

मावशी,

टरफलं पिशवीतच होती. दाणे अर्धे.

सरकारी दवाखान्यात गर्भाशयाचं तोंड तपासायची खोली आहे. गुरुवारी बसतात, पैसे घेत नाहीत. मी योबेला घेऊन गेले. तो दाराशी सायकल धरून उभा राहिला. आतली एक बाई त्याला म्हणाली, "काय, गिऱ्हाईक शोधतोस?" तो म्हणाला, "नाही, माझंच गिऱ्हाईक आत आहे."

आत सिस्टर ल्वेन्डो आहेत. माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्या आधी बघतात, मग व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापूस लावतात, थोडं थांबतात, पुन्हा बघतात. चांगली कातडी गुलाबीच राहते. बिघडायला लागलेली असली तर पांढरी होते, कडा स्पष्ट उठते. एवढंच. मला वाटलं, आज निकाल लागणार.

त्यांनी व्हिनेगर लावायच्या आधीच हात थांबवला. "काय लावलंस?" म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी दिवा जवळ ओढून पुन्हा पाहिलं. मग मी सांगितलं. पुडीतलं रोज लावत होते, आणि आदल्या रात्री जास्त, कारण तू लिहिलं होतंस सारवून जा.

त्या म्हणाल्या, "पाहुणे येणार म्हणून भिंतीला चुना लावलास, आता भिंतीला तडा आहे की नाही ते मला कसं दिसणार?" वरचा पापुद्रा करपून सुटला होता, मावशी. जागोजाग पांढरा. त्यातला कुठला पुडीचा आणि कुठला रोगाचा, ते सांगता येईना. खाली सोलवटलं होतं. डॉक्टरच्या सळईवरून मी उतरले, आणि घरी येऊन तेच काम बोटाने करत बसले.

सिस्टर म्हणाल्या, काहीही लावू नकोस, भरून आलं की ये.

मी पुडी चुलीत टाकली. रागावू नकोस म्हणणार नाही. हवं तर रागाव.

सासरची माणसं बसणार आहेत. लग्नाचे मध्यस्थ लाझालो मामा येणार आहेत. डॉक्टरकडे जाऊन भाजून घे, नाहीतर माहेरी जा, असं म्हणणं आहे. योबे म्हणतो, पिकं निघू देत, मग बसा. एवढंच त्याला म्हणता आलं. पण म्हणाला.

तिसाइने


चिमुत्सा
३ एप्रिल २०१२

तिसाइने,

माझ्या आईची पुडी तू चुलीत टाकलीस. चूल तरी नीट पेटली का?

त्या पुडीने कुणाचं काही वाईट झालेलं नाही. झालं असतं तर बायकांनी मला सांगितलं असतं. बायका मला सगळं सांगतात. तुझ्या सिस्टरने किती मुलींना शिकवलंय? तिचं स्वतःचं लग्न झालंय का ते आधी विचार.

बैठकीला मी येईन. तुझ्यासाठी नाही. माझ्या नावासाठी.

फालेसी


चिपाता
२७ एप्रिल २०१२

मावशी,

सिस्टरचं लग्न झालंय, दोन मुलगे आहेत. विचारलं.

काल पुन्हा गेले. आत काही न लावता, नुसती पाण्याने अंघोळ करून. लाज वाटली, तुझ्या शिकवणीमुळे. तरी गेले.

त्यांच्याकडे कॅमेरा आहे. आतला फोटो काढतात आणि पडद्यावर मोठा करून दाखवतात. सिस्टरने पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, "बघायचंय?" मी म्हटलं, "बघायलाच आलेय."

मावशी, मी पाहिलं. गर्भाशय खाली उतरून योनीत जिथे डोकावतं तो भाग. गोल, ओल्या गोट्यासारखा, गुलाबी, चकाकणारा. मधोमध आडवी फट. मूल न झालेल्या बाईला तिथे टिंबाएवढं भोक असतं, माझी फट झाली कारण तिथून माझी मुलगी आली. आणि फटीभोवती लाल कडं. डॉक्टरची जखम ती हीच. एका बाजूला कोवळ्या मक्याच्या दाण्यासारखा पिवळट फोड. मी म्हटलं, हा काय, हा तर नक्की रोग. सिस्टर म्हणाल्या, काही नाही, आत चीक अडकलाय, असू दे.

मग लाल कडं समजावलं. बाहेरच्या अंगाला जाड कातडी असते, थरावर थर, म्हणून गुलाबी दिसते. आत जाणाऱ्या नळीला एकाच थराचं पातळ आवरण, म्हणून खालचं रक्त त्यातून दिसतं, लाल. दोन्ही भेटतात तिथे एक रेषा असते. ती रेषा एका जागी बसत नाही. वयात येताना, गरोदरपणात ती बाहेर सरकते, आतलं लाल बाहेर येतं. बाहेर आलेलं पातळ आवरण हळूहळू जाड होत जातं, गुलाबी होतं. असं बाईच्या आयुष्यभर चालतं. ज्या पट्ट्यात हा बदल चालतो तिथेच बिघाड व्हायचा तर होतो, म्हणून व्हिनेगर तिथे लावायचं.

त्यांनी लावलं. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. लाल लालच राहिलं, गुलाबी गुलाबीच. पांढरं काही उठलं नाही.

मी म्हटलं, "सिस्टर, म्हणजे बाहीचं अस्तर दुमडून बाहेर आलंय. कापड फाटलेलं नाही." त्या म्हणाल्या, "हे मी आता सगळ्यांना सांगणार. तू किती घेशील?" मी म्हटलं, एका झग्याची शिलाई.

अस्तर पातळ, म्हणून घासलं की रक्त येतं. एवढीच माझी जखम. भाजायची गरज नाही. ज्याला कळत नाही तो भाजतो.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते. योबेला माहीत आहे. त्या गोळ्यांनीही रेषा बाहेर सरकते. तू दुसऱ्या नातवंडाचं विचारशील म्हणून गप्प होते.

आता तू एक सांग. सिस्टर म्हणाल्या, पाळी गेल्यावर रेषा आत नळीत जाते, बाहेर लाल उरत नाही. तेव्हा रक्त आलं तर ते अस्तर नव्हे, ते लगेच बघायचं. तू लिहिलंस, या पावसाळ्यात पुडी लावते आहे, चांगलं थांबलं आहे. काय थांबलंय, मावशी? माझ्या लग्नात तू तुझे लाल मणी मला दिलेस. मला आता लागत नाहीत, म्हणालीस.

तिसाइने


चिमुत्सा
४ मे २०१२

तिसाइने,

गोळ्यांचं आल्यावर बघते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. अस्तराचं बरोबर आहे. मुलींना शिकवताना मी मातीची आकृती करते, त्यात घर असतं, अंगण असतं, दार असतं. आतल्या दाराला कडा आहे आणि ती कडा चालते, हे माझ्या आईला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मातीत काढून पाहिलं. लाल माती लागली थोडी.

मला बरं आहे. पुडी कंबरेसाठी लावत होते.

शेजारच्या लोझारियाचं विचारते. तिला अधूनमधून डाग लागतो. वय माझ्याएवढं. पडद्यावर म्हाताऱ्या बाईचं कसं दिसतं? आणि ते बघणारी सिस्टर सगळ्यांदेखत पडदा वळवते की एकटीला दाखवते? तिला लाज फार आहे.

बैठकीला बारा तारखेला येते. तुझ्या सासूला सांग, कोंबडी जाड काप.

मावशी


चिपाता
१५ मे २०१२

मावशी,

लोझारिया गेल्या वर्षी वारली. तिला पुरताना तू गात होतीस आणि मी भांडी घासत होते.

तू आली नाहीस. तुझी चटई शेवटपर्यंत रिकामी होती. सासूबाई सारख्या तिकडे बघत होत्या. "नामकुंगवीला चिपाताचा रस्ता माहीत आहे म्हणे," म्हणाल्या.

मग मी एकटीच बोलले. सोबत नुकतंच शिवलेलं लहान मुलाचं जाकीट नेलं होतं, निळं, आतून लाल अस्तराचं. बाही दुमडली, लाल बाहेर काढलं आणि मधे ठेवलं.

"ही जखम आहे का?" म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, "कापडाचं सोड, बाईचं बोल."

"बाईचंच बोलते आहे."

लाझालो मामा उठायला लागले. "मी जरा शेळ्या बघून येतो."

मी म्हटलं, "बसा मामा. निकाल तुम्ही देणार, तर कशावर देताय ते ऐकून तरी घ्या. शेळ्या कुठे जात नाहीत."

ते बसले. जमिनीकडे बघत बसले, पण बसले. मी सगळं सांगितलं. फट, कडं, रेषा, व्हिनेगर. कुणाचंही नाव न घेता, कुणाचाही मान न मोडता, पण एकही शब्द न गाळता. एक म्हातारी मधेच म्हणाली, "हे आम्हाला साठ वर्षांत कुणी सांगितलं नाही." सासूबाई म्हणाल्या, "मग रक्त कुठून?" मी म्हटलं, "अस्तर घासलं की धागा निघतो. तुमच्या मुलाला विचारा, घासतं कोण." बायका हसल्या. योबे हसला नाही. तो उठला आणि म्हणाला, "मी बाहेर दाराशी होतो. सिस्टरने मलाही सांगितलंय. माझ्या बायकोला कुणी भाजणार नाही." आणि पुन्हा बसला. एवढं लांब वाक्य तो घरातही बोलत नाही.

मामा म्हणाले, मुलीचा दोष नाही. सासूबाई म्हणाल्या, मग शिकवणारीचा. बोलावून आली नाही, दंडाची कोंबडी तिच्यावर. ते मात्र सगळ्यांना पटलं. तेव्हा एक कोंबडी तुझ्याकडे बाकी आहे. निघताना सासूबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ते व्हिनेगर झोंबतं का गं?"

आता तुझं. त्या दिवशी बस होती. कंडक्टरने मला सांगितलं. तू थांब्यावर आली होतीस, पिशवी घेऊन, चांगलं चितेंगे नेसून. बाकावर बसलीस. बस आली तशी उठलीस, बाकाकडे वळून पाहिलंस, पिशवीतलं दुसरं चितेंगे काढून वरून बांधलंस आणि घराकडे चालू लागलीस. तो म्हणाला, म्हातारी काही विसरली असेल.

तू काही विसरली नव्हतीस.

आमच्या वेळी, शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मी नाचायला घाबरले, सगळ्यांसमोर अंग उघडं, तेव्हा तू म्हणालीस, नामकुंगवी आधी नाचते, मग मुलगी. जे मी करून दाखवत नाही ते तुझ्याकडून मागत नाही. तू आधी नाचलीस. मी पाहिलं, मग नाचले.

इथे मी आधी गेलेय. उलटं झालंय. मी उघडी पडून टेबलावर झोपले, पडद्याकडे पाहिलं, आणि साऱ्या सासरासमोर त्यावर बोलले. आता तुझी पाळी. दर गुरुवारी खोली उघडी असते. सिस्टर पडदा एकटीला दाखवतात. काही सापडलं आणि अजून लहान असलं तर काढता येतं. पुडीने ते झाकलं जातं, जात नाही.

आली नाहीस तर मी येईन. शिलाईचं मशीन डोक्यावर घेऊन येईन, तुझ्या अंगणात बसेन, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला बाही उलटी करून दाखवेन. गाव म्हणेल फालेसीची मुलगी आहे.

तिसाइने


चिमुत्सा
१९ मे २०१२

तिसाइने,

मशीन डोक्यावर घेऊ नकोस. मान जाईल.

त्या दिवशी बाकावर डाग राहिला होता. मी गेल्यावर एक मुलगी तिथे बसायला आली, माझ्याकडेच शिकलेली. तिने डाग पाहिला, वळणावरून मला दिसलं. वाळूने घासून काढला आणि माझ्यामागे आली नाही, हाक मारली नाही. मी तिला तसंच शिकवलं होतं. बाईचं रक्त दिसलं तर पुसायचं आणि बोलायचं नाही. घरी येईपर्यंत मला माझ्याच शिकवणीचा राग आला होता.

पुडीचं मडकं रिकामं केलं. चुलीत नाही, खड्ड्यात.

लोझारियालाही असंच होतं. ते खोटं नव्हतं. मी तिला पुडी द्यायचे.

लाल मणी परत पाठव. मला लागतात.

फालेसी


चिपाता
२३ मे २०१२

मावशी,

मणी योबेबरोबर पाठवते. आज सकाळच्या बसने येतोय. तुझ्याकडे रात्री राहील, ओसरीत झोपेल, त्याला न्शिमा जास्त घाल. कोंबडी मीच दिली सासूबाईंना, तुझ्या नावाने. बारीक होती. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

उद्या गुरुवार. आत काही लावू नकोस. सारवू नकोस. आहे तशी ये.

तिसाइने


दुसऱ्या दिवशी सकाळी फालेसी पहिल्या बसने चिपाताला आली. उशाशी ठेवायचे लाल मणी तिने गळ्यात घातले होते, ब्लाउजच्या वरून. तपासणीच्या खोलीबाहेर तिसाइने आणि तिची सासू बाकावर बसल्या होत्या. फालेसी त्यांच्यापुढून आत गेली. नंबर सासूचा होता.